नावेला ब्रेक नसतो: लँगॉलेन कालव्यावरची पहिली नॅरोबोट सहल

"मला पोहता येत नाही, गाडी मागे घेताना अजून घाम फुटतो, आणि तू म्हणतेस सतरा मीटरची नाव चालव!" इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या कुणालाही नॅरोबोटची, म्हणजे कालव्यावरच्या लांब, चिंचोळ्या नावेची, सहल सुचवली की हे ऐकायला मिळतं. चालवता येते. सहलीसाठी भाड्याने घेतलेली नाव चालवायला परवाना लागत नाही, नाव देणारे तासाभरात हातात हात धरून शिकवतात, आणि वेगमर्यादाच ताशी 4 मैल आहे. प्रत्यक्षात तुम्ही 3 मैलांनीच जाता, म्हणजे काठावरून कुत्रा फिरवणारे आजोबा तुम्हाला मागे टाकतात. अवघड गोष्ट एकच: नावेला ब्रेक नसतो. पंधरा टनांचं लोखंड थांबवायचं म्हणजे आधीपासून गती कमी करायची आणि मग इंजिन उलटं फिरवायचं. पुढे जे जे सांगणार आहे ते बहुतेक या एका गोष्टीभोवती फिरतं.

कालवा आधी ओळखून घ्या

आपल्याकडे कालवा म्हणजे पाटाचं पाणी, पाटकरी आणि पाळीवरून होणारी भांडणं. इंग्लंडमधले जुने कालवे बहुतेक मालासाठी खणलेले: कोळसा, चुनखडी, लोखंड. इंग्लंडमधून वेल्समध्ये जाणाऱ्या लँगॉलेन कालव्याची गंमत अशी की तो खणला मालासाठी आणि वाचला पाण्यामुळे. मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडायच्या बेताने 1793 च्या कायद्याने 'एल्समिअर कालव्या'चं काम मंजूर झालं. विल्यम जेसप मुख्य अभियंता, त्याच्या हाताखाली तरुण थॉमस टेलफर्ड. मूळ बेत अर्धवटच राहिला; त्यातला एक फाटा म्हणजे आजचा लँगॉलेन कालवा. 1944 मध्ये हा फाटा वाहतुकीसाठी कायद्याने बंदसुद्धा झाला, पण डी नदीचं पाणी याच्यातून वाहत हर्ल्स्टनच्या जलाशयात जात होतं आणि तिथून लोकांच्या नळाला. म्हणून कुणी तो बुजवला नाही. 2009 साली याचा वेल्सकडचा 18 किलोमीटरचा भाग जागतिक वारसा यादीत गेला.

हा इतिहास नवख्याच्या कामाचा आहे. इतर कालव्यांचं पाणी जवळजवळ स्थिर असतं, इथलं वाहतं. लँगॉलेनकडे जाताना तुम्ही प्रवाहाविरुद्ध चढता, परतताना प्रवाह पाठीशी असतो. अरुंद जागी हा फरक हाताला जाणवतो.

खालच्या टोकाच्या हर्ल्स्टनपासून वरच्या टोकापर्यंत 46 मैल आणि 21 लॉक, म्हणजे नाव वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या पेट्या. नावांच्या उच्चाराची धास्ती घेऊ नका. वेल्श लोक दोन 'एल'चा उच्चार जीभ 'ल'च्या जागी ठेवून बाजूने हवा फुंकून करतात. आपल्याला तो जमत नाही, आणि त्यांनाही ते माहीत असतं.

कुठून निघायचं, किती दिवस

हिशेब सोपा ठेवा: जितके मैल तितके, त्यात जितके लॉक तितके मिळवा आणि तीनने भागा, आले तेवढे तास. एल्समिअरहून निघालात तर लँगॉलेनपर्यंत फक्त दोन लॉक लागतात. चार रात्रींची सहल त्यात आरामात बसते. माझा सल्ला मात्र आठवडा काढून रेनबरीहून निघायचा. अंतर साधारण 38 मैल, जाताना 12 लॉक, येताना तेच 12. म्हणजे एकूण 100 च्या आसपास, भागिले तीन, 33 तास. प्रवाहाचे आणि रांगेचे आणखी चार-पाच धरा. दिवसाला साडेपाच-सहा तास, बाकी वेळ तुमचा. रेनबरीला रेल्वे स्टेशन आहे, क्रू-श्रूजबरी मार्गावर, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. कुणाला लॉक नकोच असतील तर चर्ककडून नाव घ्यावी, पण लॉकशिवाय कालव्याची सहल म्हणजे पुरणाशिवाय पोळी.

मे किंवा सप्टेंबर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्या असतात आणि लॉकपाशी रांगा लागतात. जुलैत लँगॉलेनला 1947 पासून चालत आलेला आंतरराष्ट्रीय आयस्टेडफोड, म्हणजे गाण्या-नाचाचा महोत्सव भरतो. तेव्हा नाव बांधायला जागा मिळणं मुश्कील. हिवाळ्यात लॉक दुरुस्तीसाठी बंद करतात.

पैसे भरण्याआधी कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेच्या वेबसाइटवरच्या बंद-सूचना नक्की पाहा, आणि निघायच्या आदल्या दिवशी परत पाहा. दोनशे वर्षांपूर्वीचा मातीचा बांध आहे, तो कधी कुठे दगा देईल सांगता येत नाही. सप्टेंबर 1945 मध्ये लँगॉलेनजवळ बांध फुटून खालचा रेल्वेमार्ग वाहून गेला आणि एक गाडी त्या खड्ड्यात कोसळली.

पहिला दिवस

नाव दुपारी ताब्यात मिळते. शिकवणाऱ्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, संध्याकाळी निम्मं आठवत नाही. पाण्याची टाकी कुठून भरायची, संडासाची टाकी किती दिवस पुरते, प्रोपेलरमध्ये काही अडकलं तर कुठलं झाकण उघडायचं (इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून, मगच), आणि संध्याकाळी प्रोपेलरच्या दांड्याला ग्रीस देणारी कळ किती फिरवायची, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्याला सोडू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या. पोहता न येणाऱ्यांनी आणि मुलांनी ते घालूनच बसायचं. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच खोल असतो, पण लॉकमध्ये तसं नसतं.

विंडलास दोन तरी घ्या. विंडलास म्हणजे लॉक चालवायचा लोखंडी हँडल. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला मारायचा हँडल आठवा, त्याचा धाकटा भाऊ. आमचा पहिला विंडलास पहिल्याच लॉकमध्ये बुडाला, माझ्याच हातून, आणि सासूबाईंनी "पहिला नैवेद्य दिला का कालव्याला?" असं विचारलं.

आता सुकाणू. दांडा डावीकडे ढकलला की नावेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे वळते. कोकणातल्या होडीवाल्याला हे सांगावं लागत नाही. आपल्याला अर्धा तास लागतो. नाव पुढच्या चाकांवर वळत नाही, पोटातून वळते: नाळ उजवीकडे गेली की मागचा भाग डावीकडे फेकला जातो आणि तिथे काठ असतो. प्रोपेलर फिरत असतानाच सुकाणू नीट काम करतं, मागे जाताना जवळजवळ नाहीच. समोरून नाव आली की उजव्या बाजूला व्हायचं. भारतात आणि इंग्लंडमध्ये डावीकडून गाडी चालवलेला हात इथे हमखास चुकतो, म्हणून मी सुकाणूशेजारी 'उजवीकडे' अशी चिठ्ठीच चिकटवली होती. पण फार आधीपासून काठाला सरकू नका, कडेला गाळ असतो. रुतलात तर जोर करून पुढे जायचं नाही. इंजिन उलटं, सगळी माणसं खोल पाण्याच्या बाजूला, आणि लांब काठीने ढकलायचं. बांधलेल्या नावा दिसल्या की अगदी हळू, नाहीतर तुमच्या लाटेने त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. त्याचे शब्द मी इथे लिहीत नाही.

लॉक: चढताना

पुस्तकी मराठीत जलपाश. मी लॉकच म्हणते. दोन उंचींच्या पाण्यामधली दगडी पेटी, दोन्ही टोकांना दारं. पेटी भरली की नाव वर, रिकामी केली की खाली. पंप नाही, वीज नाही. वरचं पाणी आपल्या वजनाने खाली येतं, एवढंच. दर वेळी सुमारे लाखभर लिटर पाणी सुटतं, म्हणजे दहा हजारी टँकर दहा. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला पहिल्यांदा ते बघवत नाही.

रेनबरीहून लँगॉलेनकडे सगळे लॉक चढायचे. क्रम असा.

1. लॉकच्या अलीकडे थांबण्याचा छोटा धक्का असतो. तिथे विंडलास घेऊन एकजण उतरतो. पायरी उतरावी तसं उतरायचं, उडी मारायची नाही.

2. लॉकची अवस्था पाहा. वरून कुणी येत असेल आणि पाणी वरच्या पातळीला असेल, तर आधी त्यांना येऊ द्या. त्यात पाणीही वाचतं आणि दारं उघडायला चार हात जास्त मिळतात. कुणी नसेल तर वरचं दार आणि वरच्या झडपा बंद आहेत याची खात्री करून खालच्या झडपा उघडा. या झडपांना पॅडल म्हणतात. पेटी रिकामी होऊ द्या.

3. खालची दारं उघडा. दाराला लाकडाची लांब तुळई असते. तिला पाठ लावून पायाने रेटायचं, हाताने ओढत बसायचं नाही. दोन्ही बाजूंचं पाणी समपातळीत आल्याशिवाय दार हलत नाही. दार हलत नाही म्हणजे ते अडकलेलं नाही, तुम्हाला घाई झाली आहे.

4. नाव आत. या कालव्यावर इथे एक फसवी गोष्ट आहे. नळाला जाणारं पाणी सतत वाहतं, आणि लॉकला वळसा घालून बाजूच्या चरातून खालच्या दारापाशी जोरात पडतं. ते नेमकं आत शिरताना नाळ आडवी ढकलतं. म्हणून फार हळू जाऊ नका. नाळ थोडी पाण्याच्या रोखाने धरून, थोडा वेग ठेवून शिरा आणि आत गेल्यावर लगेच इंजिन उलटं. लॉकची रुंदी जेमतेम 7 फूट, नावेची 6 फूट 10 इंच. भिंतीला खरडणार आहातच, लाजू नका.

5. खालची दारं आणि खालचे पॅडल बंद. वरचे पॅडल आधी अर्धेच उघडा. पाणी आत घुसलं की नाव मागे-पुढे हिसके खाते. ती शांत झाली की पूर्ण उघडा. पॅडलच्या दातेरी चाकाला एक खिटी असते, ती नीट अडकली आहे हे पाहिल्याशिवाय हात सोडायचा नाही. आणि विंडलास चाकावर लावून ठेवून इकडेतिकडे बघायचं तर मुळीच नाही. खिटी सुटली की तो भिंगरीसारखा फिरतो आणि मनगट मोडतो.

6. पाणी सम झालं की वरचं दार उघडा, नाव बाहेर, दार बंद, पॅडल खाली. मग विंडलास हातात आहे का ते बघा.

पहिले एक-दोन लॉक अर्धा-अर्धा तास खातील, नंतर दहा-पंधरा मिनिटांत होतात. मारबरी, क्विझली, विलीमूर हे सुटे सुटे लॉक सरावाला उत्तम. विलीमूरच्या लॉकला लागूनच पब आहे, म्हणजे तुमची पहिली फजिती पाहायला प्रेक्षक तयार.

त्यानंतर ग्रिंडली ब्रुक. सहा लॉक: तीन सुटे, आणि वरचे तीन एकमेकांना चिकटलेले, जिन्यासारखे. एका पेटीचं वरचं दार तेच पुढच्या पेटीचं खालचं दार. चढताना सर्वांत खालची पेटी रिकामी आणि वरच्या दोन भरलेल्या हव्यात. उलटं केलंत तर एक तर तुमच्या खाली पाणी उरत नाही किंवा पायवाटेवर पूर येतो. मोसमात इथे लॉककीपर असतो. तो सांगेल तेच करा, स्वतःची हुशारी दाखवायला ही जागा नाही. दुपारी दोन-दोन तास रांग लागते. आदल्या संध्याकाळी खाली नाव बांधून सकाळी लवकर गाठा.

वीस मैल एकही लॉक नाही

ग्रिंडली ब्रुकनंतर सुमारे 20 मैल कालवा एकाच पातळीवर डोंगराच्या कडेकडेने वळत जातो. इथे चहा होतो, गप्पा होतात, सुकाणू मुलांच्या हातात जातं. काम एकच, उचलायचे लाकडी पूल. मागे राहिलेला रेनबरीचा पूल विजेवर चालतो: ट्रस्टची चावी घालून बटण दाबलं की रस्त्यावर फाटक पडतं, गाड्या थांबतात, आणि तुमच्यामुळे पाच-सहा माणसं खोळंबलेली पाहून कानकोंडं व्हायला होतं. पूल पुन्हा खाली आल्याशिवाय चावी निघत नाही. बाकीचे बरेच पूल विंडलासने उचलायचे. यंत्र अनेकदा पायवाटेच्या समोरच्या काठावर असतं, त्यामुळे उघडणाऱ्याला आधी पूल ओलांडून जावं लागतं. नाव गेली की पूल खाली करायचा आणि त्यावरूनच परत यायचं. पूल पूर्ण वर जाऊन थांबेपर्यंत नाव खाली घालू नका.

विक्सलच्या दलदलीतून कालवा सरळ रेषेत जातो. जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, स्पंजासारखी. काठ खचत राहायचे म्हणून अगदी 1960 च्या दशकापर्यंत मजुरांची टोळी ते उचलून धरत होती. पुढे एल्समिअरच्या अलीकडे ब्लेक मिअर नावाचं तळं झाडांमधून अगदी कालव्याला खेटून येतं. नाव बांधायला सगळ्या प्रवासात मला ही जागा सर्वांत आवडते.

पायवाटेच्या बाजूला पाटी नसेल तिथे रात्रीपुरती नाव कुठेही बांधता येते. फक्त वळणावर, पुलाखाली, पाण्याच्या नळापाशी आणि लॉकच्या धक्क्यावर नाही. खुंट्या ठोका, दोर नावेपासून तिरपे पुढे आणि मागे न्या, आणि खुंटीवर पांढरी पिशवी बांधा, नाहीतर अंधारात कुणीतरी अडखळून पडतं. रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन बंद ठेवायचं. म्हणजे फोन आणि टॅब त्याआधी चार्ज करून घ्यायचे. केस वाळवायचं यंत्र घरीच ठेवायचं.

स्वयंपाकघर लहान पण पुरेसं. गॅस आहे, छोटा फ्रीज आहे. कुकर घरून न्या, खिचडी आणि रस्सा त्यात उरकतो. फोडणी देताना मात्र खिडकी आणि दार उघडं ठेवा. आमच्या पहिल्या मोहरीला धुराचा अलार्म असा किंचाळला की शेजारच्या नावेतले काका बादली घेऊन धावत आले. त्यांना पोहे खाऊ घालून पाठवलं. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचाही अलार्म असतो. कुठल्याही अलार्मची बॅटरी काढून ठेवायची नाही.

चर्क आणि पॉन्टकसल्टी

न्यू मार्टनचे दोन लॉक झाले की चढ संपला. पुढे चर्कचा जलसेतू: 1801 चा, 10 कमानींचा, 21 मीटर उंच. नदीवरून पूल असतो, इथे पुलावरून पाणी जातं आणि पाण्यावरून तुम्ही. शेजारीच त्याहून उंच रेल्वेचा पूल आहे. सेतूच्या अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स. सेतू संपताच थोडी मोकळी जागा आणि समोर 420 मीटरचा बोगदा. दोन नावा त्यात मावत नाहीत. मोकळ्या जागेत थांबून आत डोकवा. दिवा दिसला तर वाट पाहा. नसेल तर आपला दिवा लावून शिरा. प्रवाह समोरून असतो आणि नाव पिचकारीतल्या दट्ट्यासारखी अडकून चालते, त्यामुळे इंजिनाचा जोर वाढवला तरी वेग वाढत नाही, फक्त आवाज वाढतो. वीस मिनिटं धरा आणि हात-डोकी आत ठेवा.

मग पॉन्टकसल्टी. 1805 मध्ये खुला झालेला, 307 मीटर लांब, डी नदीपासून 38 मीटर उंच. दगडी खांबांवर बिडाचं लांब पन्हाळं ठेवलंय आणि त्यात पाणी. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला पन्हाळ्याचा वितीएवढा काठ, आणि त्यापलीकडे थेट दरी. तिकडे कठडा नाही. नाव बाहेर पडू शकत नाही, माणूस पडू शकतो. म्हणून मुलं आतल्या खिडकीशी, मोठ्यांनी छतावर चढायचं नाही, आणि उंचीची भीती वाटते त्यांनी खुशाल पायवाटेवरून चालत जावं. सुकाणू धरणाऱ्याने नजर समोर ठेवावी. समोरच्या टोकाला नाव शिरलेली दिसली तर अलीकडेच थांबा. मध्यावर गाठ पडली तर कुणाला तरी मागे जावं लागेल, आणि मागे जाताना सुकाणू चालत नाही हे वर सांगितलंच आहे.

सेतू संपताच समोर ट्रेव्हर गाव, पण लँगॉलेनला जायचं तर लगेच डावीकडे काटकोनात वळायचं. पुढचा टप्पा काही ठिकाणी एका नावेपुरताच, बाजूला कातळ. एकाला फोन देऊन पायवाटेने पुढे पाठवा. तो "ये" म्हणाला की निघा. लँगॉलेनच्या धक्क्यात नाव वळवा आणि बांधा. मोसमात शुल्क द्यावं लागतं. त्यापुढे इंजिनच्या नावांना परवानगी नाही. 1884 पासून तिथे घोड्याने ओढायच्या सहलीच्या नावा चालतात. तुम्ही पायी जा, दोनेक मैल. जिथे टेलफर्डने 1808 मध्ये नदीवर अर्धगोल बंधारा घालून हे सगळं पाणी कालव्यात वळवलं, ती जागा शांत आहे.

परत येताना: उंबरठा

परतताना सगळं सोपं वाटतं, आणि म्हणूनच अपघात परतीच्या वाटेवर होतात. एक तर प्रवाह मागून ढकलतो, त्यामुळे थांबायला जास्त अंतर लागतं. वळणाच्या आधीच गती कमी करा. दुसरं, आता लॉक उतरायचे आहेत.

वरच्या दाराच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडाचा उंबरठा असतो. पेटी भरलेली असताना तो दिसत नाही. पाणी उतरू लागलं की तो वर येतो. नावेचा मागचा भाग त्यावर टेकला तर मागून नाव अडकते, पुढून बुडते आणि दोन-तीन मिनिटांत पाणी आत शिरतं. लॉकच्या काठावर पांढरी रेघ आणि 'सिल' असा शब्द रंगवलेला असतो. नावेचं शेवटचं टोक त्या रेघेच्या पुढे हवं, पूर्ण वेळ. सुकाणूवरच्या माणसाने पाणी उतरताना फक्त ती रेघ बघायची आणि इंजिन हलकेच पुढे ठेवायचं. उतरताना नाव काठाच्या खुंटाला घट्ट बांधू नका; पाणी खाली जातं, दोर जात नाही, आणि नाव टांगली जाते.

पॅडलवर उभ्या माणसाची नजर कायम नावेवर हवी. आमच्याकडे नियम होता: सुकाणूवरून "बंद!" अशी हाक आली की कारण न विचारता खालचे पॅडल लगेच पाडायचे आणि मग वरचे उघडून पेटी परत भरायची. एकदा पुढचा दोर दाराच्या फटीत अडकला तेव्हा ही हाक कामाला आली. न्यू मार्टनच्या रिकाम्या लॉकजवळ निघण्याआधी एकदा ती हाक मराठीत ठरवून, जोरात मारून पाहा. पाण्याच्या आवाजात हळू बोललेलं काही ऐकू येत नाही.